अर्बाबच्या मजलिसचे रेडिएटर

हवेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! बावीस वर्षं मस्कतमध्ये ए.सी.च्या कंपनीत एस्टिमेटर आहे मी. खोलीत पाऊल टाकायचं, मान वर करून छताकडे एकदा बघायचं, की सांगतो, इथे दोन टन लागणार, तिथे दीड. टेप नाही, कागद नाही! ऑफिसातली पोरं म्हणतात, "दयानंदभाऊंच्या मानेत थर्मामीटर आहे." मी कशाला नाही म्हणू?

तर दोन हजार पंधराचा डिसेंबर. आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक सालिम, याने मला केबिनमध्ये बोलावलं. त्याने जबल अख्दरच्या डोंगरावर, सैकला, नवं घर बांधलं होतं. आमची मस्कतची थंडी म्हणजे जानेवारीत फुल बाह्यांचा शर्ट घालायचा, एवढीच. पण सैकला पारा शून्याशी गप्पा मारतो. सकाळी बागेतल्या नळाखाली बर्फ सापडतो.

"दयानंद, ऊपर हीटिंग मंगता. यूरोप माफिक, गरम पानी का रेडिएटर. तेरे को आता है?"

मी आयुष्यात कधी घरातला रेडिएटर पाहिला नव्हता. आमच्या गावी, कुडाळला, तो कोणाकडे असणार? पण मी म्हटलं, "अर्बाब, ठंडा क्या, गरम क्या! एकही हिसाब है, उलटा करने का!"

"शाबाश! पंद्रह जनवरी, जुम्मे को, उधर पहला खाना है. मेरा बाप, चाचा लोग, गाँव का शेख, सब आएगा." मग फाइलकडे बघत तो सहज म्हणाला, "तू भी आना."

तू भी आना! मी केबिनमधून बाहेर आलो तो तरंगतच!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगतो. बावीस वर्षांत मी एकाही ओमानी घरात बसून जेवलेलो नव्हतो. त्यांनी बोलावलं नाही म्हणून नव्हे हो! ही माणसं दारात आलेल्या कोणालाही आधी खजूर आणि कहवा पुढे करतात. "तफद्दल, ये, बस!" प्रत्येक घरात म्हणायचे. आणि मी? दाराच्या चौकटीत बूट घालून उभा. "नो नो, शुक्रन, काम आहे!" आधी लाजून म्हणायचो. अरबी येत नाही, मांडी कशी घालायची, डाव्या हाताने चुकून काही उचललं तर काय! मग त्याची सवय झाली. पुढे पुढे मी इतक्या चटकन 'काम आहे' म्हणायला लागलो की समोरच्याचं 'तफद्दल' अर्ध्यावर राहायचं.

बायको इथे होती तोवर निभलं. प्रभावती आणि मुलगी मनाली दोघी माझ्याबरोबर अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये होत्या. मनालीचं कॉलेज सुरू झालं, दोघी पुण्याला गेल्या, त्याला सहा वर्षं झाली. आमच्या धंद्यात एक माणूस म्हणजे साधारण शंभर वॅटची उष्णता, असं धरतात. खोलीत दहा माणसं तर हजार वॅट, त्या मानाने ए.सी. मोठा घ्यायचा. माझ्या फ्लॅटचं एस्टिमेट मी एकदा गंमत म्हणून काढलं. शंभर वॅट! उन्हाळ्यात निदान ए.सी.ची घरघर तरी सोबतीला असते. डिसेंबरात तोही बंद होतो आणि घर इतकं मुकं होतं की मी फ्रिजचं दार उघडून उभा राहतो, नुसता तो सुरू व्हावा म्हणून. खरं सांगतोय, हसू नका!

त्या संध्याकाळी इमोवर व्हिडिओ कॉल लावून मी प्रभावतीला बातमी दिली.

"अर्बाबने जेवायला बोलावलंय! घरच्या माणसांबरोबर!"

ती पुण्यात कणीक मळत होती. मळता मळता थांबली. "कामाला की जेवायला?"

"जेवायला! तू भी आना म्हणाला!"

"पण रेडिएटर तुम्हीच बसवणार ना?"

"हो."

"मग मी विचारतेय ते बरोबर आहे," असं म्हणून ती परत मळायला लागली.

मला राग आला, कारण मलाही तीच शंका होती. मग मी ठरवलं, रेडिएटर असे निवडायचे, असे निवडायचे, की त्या दिवशी कोणाला त्यांची आठवणसुद्धा होणार नाही! खोली उबदार, पाहुणे खूश आणि दयानंद पाहुण्यांत!

दुसऱ्या दिवशी कॅटलॉग मागवला. बाप रे! मला वाटलं होतं, रेडिएटर म्हणजे रेडिएटर. इथे दोनशे पानं! उभे, आडवे, सपाट, पन्हाळीचे, भिंतीवर चित्रासारखे टांगायचे. एक तर शिडीसारखा होता, तो बाथरूमला. ते पान मी कॅमेऱ्यासमोर धरलं तर प्रभावती म्हणाली, "यावर टॉवेल वाळत घालायचे? अहो, मग आमच्या बाल्कनीतल्या दोरीने काय पाप केलंय!"

शेवटी मी एक मॉडेल पक्कं केलं. एकदम मॉडर्न! जमिनीलगत, गुडघ्याएवढी उंची, लांबच लांब, समोरून उभ्या नळ्यानळ्या आणि माथ्यावर सपाट पट्टी. कॅटलॉगात लिहिलं होतं, रेडिएटर बाहेरच्या भिंतीला, खिडकीखाली लावा. मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीच्या, तीन भिंती बाहेरच्या आणि तिन्हींना बुटक्या खिडक्या. मी तिन्ही भिंती भरून टाकल्या! एक इंच सोडला नाही!

बसवायला माझ्याबरोबर जहूर होता. जहूर श्रीवर्धनकडचा, आमचा पाइप फिटर, हाताला सोनं लागलेलं. रिकाम्या खोलीत तो पाना हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, इतका खालती?"

"मॉडर्न आहे, जहूर."

"तिन्ही भिंतीस?"

"उष्णता खालून वर जाते, बाबा. शास्त्र आहे ते."

"असंल," म्हणाला तो आणि कामाला लागला. माणसाने आणखी एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही!

नवव्या दिवशी आम्ही बॉयलर पेटवला. बाहेर चार अंश, आत बावीस! अर्बाब खोलीच्या मधोमध हात पसरून गोल फिरला. "वल्ला, दयानंद! जन्नत!" मी छताकडे बघून मान डोलावली.

पंधरा तारीख उजाडली. मी इस्त्रीचा शर्ट घातला. प्रभावतीने दिवाळीला पाठवलेले काजू एका चांगल्या डब्यात भरले आणि डब्याला रिबीन बांधली. बांधताना तीन वेळा सुटली. जहूरची गाडी फोर बाय फोर, तिच्याशिवाय पोलीस डोंगरावर सोडतच नाहीत. वाटेत मी मागच्या सीटवर पाय दुमडून मांडी घालायची प्रॅक्टिस करत होतो. जहूर आरशातून बघत होता.

घरासमोर दहा-बारा गाड्या होत्या. अर्बाब धावतच बाहेर आला. मी डबा पुढे केला आणि तोंडावर पाहुण्याचं हसू आणलं.

"अच्छा हुआ तू आया!" अर्बाब म्हणाला. "अंदर ठंडा है! मेरा बाप काँप रहा है! जल्दी देख!"

कामाला! पुण्यात बसून बाईने बरोबर ओळखलं होतं. काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला रडूच आलं असतं. पण पन्नाशीच्या माणसाने रिबीन बांधलेला डबा घेऊन परक्याच्या अंगणात रडायचं कसं? मी गाडीतून पाना काढला आणि मागच्या बॉयलरच्या खोलीत गेलो. जहूर "सलाम करून येतो" म्हणून पुढच्या दाराने आत गेला, तो परत आलाच नाही.

बॉयलर ठणठणीत होता. पाणी सत्तर अंश, पंप चालू, पाइप गरम. मग खोली गार कशी? मी पाणी पंचाहत्तरवर नेलं. दहा मिनिटांत अर्बाबचा फोन. "अभी भी ठंडा!" ऐंशी केलं. पुन्हा फोन. "दयानंद! चाचा लोग शाल माँग रहा है!" मी म्हटलं, आता दाखवतोच या थंडीला! काटा पंच्याऐंशीवर नेला, काजूचा डबा बॉयलरवर ठेवला आणि पाना घेऊन मजलिसच्या दाराशी जाऊन चौकटीत उभा राहिलो. नेहमीच्या जागी.

आत वीसेक माणसं बसली होती. अंगात पांढरेशुभ्र पायघोळ दिशदाशे, डोक्याला गुंडाळलेले रंगीत मसर. मी सवयीने छताकडे बघितलं. छत उत्तम होतं! मग खाली बघितलं, तर माझे रेडिएटर गायब! एकही दिसेना!

तेवढ्यात समोरच्या भिंतीला टेकलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या काकांनी ऐसपैस होण्यासाठी हात मागे टाकला आणि "या रब्!" करून ते ताडकन उभे राहिले.

आता इथली रीत अशी की मजलिसमध्ये कोणी मोठं माणूस आलं की सगळे उभे राहतात. एवढे वयस्कर काका उभे राहिले, म्हणजे कोणीतरी फारच मोठा माणूस आला असणार! झालं! वीसच्या वीस माणसं धडाधड उठली आणि दाराकडे वळली. दारात होतो मी, हातात पाना!

"अस्सलाम अलैकुम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"वालैकुम अस्सलाम!" वीस जणांनी एकदम उत्तर दिलं.

मी मागे सरणार, तोच पहिल्या माणसाने हात पुढे केला. मग सुटका नाही! उजवीकडून सुरुवात करायची आणि एकेकाचा हात हातात घेत टोकापर्यंत जायचं. मी बूट काढले, पाना पँटच्या मागच्या खिशात खोचला आणि निघालो. "केफ हालक?" कसा आहेस? बरा. घरचे कसे? बरे. मुलंबाळं? बरी. तब्येत? बरी. काही बातमी? नाही. खरंच काही नाही? खरंच नाही! एकेकाला एवढं सगळं. सहा वर्षांत माझी इतकी चौकशी कोणी केली नव्हती. बाराव्या जागी जहूर निघाला! तोही गंभीरपणे उभा राहिला आणि त्याने माझा हात हातात घेतला.

"तू इथे कसा?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"बस बोलले, बसलो," जहूर म्हणाला.

मी बसल्याशिवाय कोणी बसेना. टोकाला अर्बाबचे वडील होते, खल्फान, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी माझा हात धरला आणि शेजारी ओढून बसवलं. गादी होती, पण पाठीला तक्क्या उरला नव्हता. मी झोकात मांडी घातली आणि मागे टेकलो.

आई गं!

बावीस वर्षांत न कळलेली गोष्ट मला त्या अर्ध्या सेकंदात कळली. मजलिसमध्ये माणसं भिंतीला पाठ लावून बसतात! तिन्ही भिंतींना गाद्या, गाद्यांमागे उभे तक्के, आणि तक्क्यांमागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ऐंशी-पंच्याऐंशी अंशावर, माझे मॉडर्न रेडिएटर! सगळी उष्णता तक्के पीत होते, खोलीला काही मिळत नव्हतं आणि मी मागून जाळ वाढवत होतो. आम्ही तपासलं तेव्हा खोली रिकामी होती ना! मी असल्या शेकडो खोल्या पाहिल्या होत्या. पण पाहिलं काय, तर छत!

आता सांगायला हवं होतं. पण सांगितलं की काय होणार? उठ, पाना काढ, बाहेर हो! मी गप्प बसलो. आताही लाज वाटते, पण दोन मिनिटं मी शुद्ध स्वार्थाने गप्प बसलो. तेवढ्यात पलीकडच्या भिंतीचे एक गृहस्थ ओरडून उठले. परत सगळे उभे! दारात कोणी नाही. सगळे खाली बसले. मग शेखसाहेबांचं कोपर भाजलं. परत सगळे उभे! शाळेत मास्तर उठाबशा काढायला लावायचे ना, तसं चाललं होतं, आणि तेही गावातल्या सगळ्यात प्रतिष्ठित माणसांचं! खोलीत स्पंज तापल्याचा वास सुटला. एका तक्क्याचा लाल मखमली कोपरा तपकिरी व्हायला लागला.

मी उभा राहिलो. "अर्बाब, गलती मेरा है. रेडिएटर पीठ के पीछे लग गया."

अर्बाबने तक्क्यामागे डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे. "दयानंद! बाईस साल में तूने मजलिस नहीं देखा?"

"देखा है, अर्बाब. छत देखा है."

अर्बाबने ते अरबीत सगळ्यांना सांगितलं आणि जो काही हशा पिकला! पांढऱ्या दाढीचे काका भाजलेला हात झटकत झटकत हसत होते. जहूर बॉयलर कमी करायला पळाला. पोराटोरांनी गाद्या उचलून बाहेर उन्हात नेल्या, कारण दुपारचं ऊन माझ्या बॉयलरपेक्षा कितीतरी बरं निघालं. सगळे बाहेर गेले. मीही खिशातला पाना चाचपत निघालो. माझी जागा मला माहीत होती.

पण हात सुटेना. खल्फानबाबांनी तो धरलेलाच होता.

"इजलिस," ते म्हणाले. बस.

"काम..." मी म्हणालो आणि थांबलो.

ते जागचे हलले नव्हते. त्यांच्या पाठीमागे चांगला जाड तक्क्या होता. त्यांनी कमरेवर हात फिरवून मला अरबीत बरंच काही सांगितलं. मला चाराण्याइतकंच कळलं. पाठ दुखते, वर्षं झाली, डॉक्टर झाले, मालीश झालं, आणि आज पहिल्यांदा बरं वाटतंय! मघाचं काही त्यांच्या कानावर पडलेलं दिसलं नाही, कारण मग त्यांनी विचारलं, हे कोणी बसवलं? त्याला आत बोलाव, त्याने कहवा घेतला की नाही?

"अना," मी म्हटलं. मी.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, आता आशीर्वाद देणार.

"मान गार लागते," ते म्हणाले. "आणखी वर हवा होता."

मी मान्य केलं.

कहवा आला. इथे कहव्याचा छोटा कप रिकामा झाला की वाढणारा परत भरतो. पुरे असेल तर मनगटाने कप जरासा हलवायचा, मग तो समजतो. हे मला बावीस वर्षं माहीत आहे. मी कप हलवला नाही. वाढणारा भरत राहिला, मी पीत राहिलो. तक्क्याशिवायची पाठ त्या नळ्यांना लागत होती, मी अधूनमधून पुढे व्हायचो, पण म्हातारा बोलता बोलता माझा हात मागे ओढायचा. नऊ कप! मग मोठ्या थाळ्यात भात आणि मटण आलं, बाहेरचे पाचजण आमच्याबरोबर बसायला आत आले, आणि मी त्यांच्यातच उजव्या हाताने जेवलो. खल्फानबाबा आपल्या बोटांनी मटणाचे मऊ मऊ तुकडे तोडून माझ्या पुढ्यात टाकत होते.

संध्याकाळी फ्लॅटवर पोचलो आणि इमो लावलं.

"जेवलात?" प्रभावतीने विचारलं.

"जेवलो! एका थाळ्यात!" मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावला, मग म्हणाली, "पाठ दाखवा."

मी शर्ट वर करून फोनकडे पाठ केली. नळ्यांच्या सात लाल पट्ट्या उमटल्या होत्या म्हणे.

"अहो, हे काय करून घेतलंत! बर्नॉल लावा आधी!"

लावणार कसं? वरून हात पोचेना, खालून पोचेना. घरात दुसरा हात नाही. शेवटी स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं, त्याच्या टोकाला बर्नॉल घेतलं आणि फोन फ्रिजला टेकवून उभा केला.

"डावीकडे... आणखी... अहो, तुमची डावी! हां, आता खाली. हळू! जोरात घासू नका, थालीपीठ नाहीये ते!"

पुण्याहून ती सांगत होती आणि मी लावत होतो. चार पट्ट्या झाल्या. पाचवीला तिचं बोट वर उठलं, तोंड उघडलं आणि चित्र तिथेच थांबलं. नेट गेलं होतं. मी उलथनं तसंच पाठीवर धरून बराच वेळ उभा राहिलो, पण काही ते परत आलं नाही. उरलेल्या तीन पट्ट्या तशाच राहिल्या.